किती खपले, त्याचं तुला काय?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात बाहेर नाट्यगीते रंगात आली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे हॉलच्या स्वयंपाकघरात मसालेभाताच्या पातेल्यापाशी ड्यूटीवर होतो. तेवढ्यात आमचे चिरंजीव, वय वर्षे नऊ, डोळे पुसत आत आले. पडला नव्हता, कुणी मारलेही नव्हते. मुलांच्या कोपऱ्यात व्हिडिओ गेमच्या गप्पा चालू होत्या आणि एका दोस्ताने त्याला सुनावले होते, "तुझा कन्सोल फ्लॉप आहे. तुझे फक्त तेरा मिलियन खपले. माझे दीडशे मिलियन!"

थोडा खुलासा करतो. आमच्या घरी आहे तो निन्टेंडो कंपनीचा 'वी यू' हा जुना कन्सोल. तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळातले एक कुटुंब कायमचे भारतात परतले, तेव्हा जाताना त्यांनी राइस कुकर, पुस्तकांचे कपाट आणि हा कन्सोल आमच्या हवाली केला. फुकट मिळाला म्हणून आम्ही खूश, खेळायला मिळाला म्हणून चिरंजीव खूश. त्या दिवसापर्यंत तो 'फ्लॉप' आहे हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते.

आम्ही कुठलाही बाप देईल तेच उत्तर दिले. "किती खपले, त्याचं तुला काय? खेळताना मजा येते ना? मग झालं तर!" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग बाबा, त्याला नवीन गेम का येत नाहीत? आणि ऑनलाइन खेळणं का बंद झालं?"

मसालेभात खाली लागायच्या बेतात होता. उत्तर राहून गेले. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. विषय पोरकट वाटेल, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवाणखान्यात हे यंत्र आहे, आणि त्याच्या खपाच्या आकड्यांमागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे.

आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत कुणी नुसते 'तेरा' म्हटले तर पहिला प्रश्न येतो, तेरा काय? ग्रॅम की मिलिग्रॅम? एकक नसलेला आकडा आमच्याकडे कुणी वहीत उतरवत नाही. खपाच्या आकड्यालाही हाच प्रश्न आधी विचारायला हवा. या वार्तापत्राचेच उदाहरण घ्या. दर अंकाच्या आम्ही १४० झेरॉक्स प्रती काढतो आणि वार्षिक सभेत 'खप १४०' असे अभिमानाने सांगतो. त्यातल्या पंधरा-वीस प्रती गॅरेजमधल्या खोक्यात पडून असतात, हे सांगत नाही. उलट एखादी प्रत तीन घरे फिरून शेवटी कुणाच्या तरी भारतातून आलेल्या आजोबांच्या उशाशी जाते, तेही कुठे मोजले जात नाही. म्हणजे काढलेल्या प्रती, पोचलेल्या प्रती आणि वाचणारे लोक हे तीन वेगळे आकडे झाले. कन्सोलचेही तसेच आहे. कंपन्या बहुधा कारखान्याकडून दुकानदारांकडे रवाना झालेल्या मालाचा आकडा जाहीर करतात. तो माल फळीवर आहे, घरात आहे की माळ्यावर, हे त्यातून कळत नाही.

हा फरक न कळल्यामुळे एक अख्खा धंदा कसा बसला, ती गोष्ट अटारीची. अटारीचा व्हिडिओ गेम अमेरिकेत १९७७ साली आला. पुढच्या पाच-सहा वर्षांत तो घरोघरी गेला आणि 'अटारी' हा शब्दच व्हिडिओ गेमला प्रतिशब्द झाला. इतक्या घरांत यंत्र आहे म्हटल्यावर त्यासाठी गेम बनवायला जो तो पुढे सरसावला. चांगल्या आचाऱ्याबरोबर वाढपीही चुलीपुढे बसले. १९८२ च्या नाताळासाठी 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत तयार करून अटारीने त्याच्या लाखो कॅसेट दुकानांत पाठवल्या. कागदावर खप उत्तम दिसत होता. प्रत्यक्षात गिऱ्हाइकांनी तोंड फिरवले आणि दुकानांतून माल परत येऊ लागला. सप्टेंबर १९८३ मध्ये न विकलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरण्यात आला. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा उकरली तेव्हा त्या कॅसेट खरोखरच सापडल्या. 'अति तेथे माती' ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही! १९८३ साली अमेरिकेतली व्हिडिओ गेमची उलाढाल ३०० कोटी डॉलर्सच्या घरात होती. १९८५ पर्यंत ती सुमारे १० कोटींवर आली.

यात खेळणाऱ्याचे काय झाले? गंमत अशी की सुरुवातीला त्याची चंगळच झाली. महागड्या कॅसेट दुकानाच्या दाराशी टोपलीत दोन-चार डॉलर्सना मिळू लागल्या. मग नवे गेम येणे जवळजवळ थांबले. धंदा पडला तेव्हा त्याच्या हातातला जुना गेम काही वाईट झाला नाही. पुढचा मात्र आला नाही. हा फरक लक्षात ठेवू, कारण पुढे तोच पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

जपानच्या निन्टेंडोने त्यांचा कन्सोल तिकडे १५ जुलै १९८३ रोजी आणला होता. अमेरिकेत तो १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आधी फक्त न्यूयॉर्क परिसरात विकायला ठेवला. दुकानदार अटारीच्या प्रकरणात पोळलेले होते. व्हिडिओ गेम म्हटले की ते हात जोडत. म्हणून निन्टेंडोने यंत्राबरोबर एक प्लॅस्टिकचा रोबो देऊन ते खेळणे म्हणून पुढे केले, आणि दुकानदारांना सांगितले की विकेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेले आम्ही परत नेऊ. म्हणजे या वेळी दुकानात पोचलेल्या मालाला अर्थच नव्हता, घरात गेलेला तेवढाच खरा खप. त्या यंत्राची जगभरची विक्री अखेर ६ कोटी १९ लाखांवर गेली.

एकदा आकडा वाढू लागला की तो आपोआप का वाढतो, हे समजायला स्वयंपाकघरात जाऊ. दुधात चमचाभर विरजण घातले की थोडे दही होते, त्या दह्याने आणखी दूध लागते आणि सकाळी भांडे भरते. रसायनशास्त्रात असल्या प्रकाराला आम्ही स्वयंउत्प्रेरण म्हणतो. जे तयार होते, तेच पुढच्या क्रियेला वेग देते. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा घेत नाही, कधी तोटाही सोसते. तिची खरी कमाई गेमवर असते. बाहेरच्या कंपन्यांनी गेम काढला, तरी प्रत्येक विक्रीमागे तिला वाटा मिळतो. आणि बाहेरची कंपनी गेम बनवायला घेण्याआधी एकच हिशेब करते. किती घरांत हे यंत्र आहे, आणि त्यातल्या दहात एकाने जरी आपला गेम घेतला तरी खर्च निघेल का? यंत्रे जास्त म्हणून गेम जास्त, गेम जास्त म्हणून यंत्रे जास्त. पण जानेवारीत आपल्या घरी होते तसे विरजण सुरुवातीलाच गारठले, तर सकाळी दूध तसेच्या तसे. धंद्यातही दही लागते तरी, नाही तर नाहीच.

म्हणजे मोठा आकडा खेळणाऱ्याच्या भल्याचाच म्हणायचा का? तिथेही इतिहास 'सबूर' म्हणतो. आपल्याशिवाय कुणाला गत्यंतर नाही हे कळल्यावर निन्टेंडोने गेम बनवणाऱ्या कंपन्यांवर कडक अटी घातल्या. वर्षाला पाचच गेम काढायचे, आणि काढलेला गेम दोन वर्षे दुसऱ्या कुणाच्या यंत्रासाठी द्यायचा नाही. यंत्रातच एक कुलूप-चिप बसवली होती, परवान्याशिवाय बनलेली कॅसेट तिच्यामुळे चालत नसे. यामुळे अटारीच्या काळासारखा केराचा पूर आला नाही, हा फायदा खरा. पण दुकानदारांना कन्सोलची किंमत कमी करू दिली जात नाही असा आरोप अमेरिकी सरकारने आणि राज्यांनी ठेवला. १९९१ साली आरोप मान्य न करता निन्टेंडोने तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना प्रत्येकी ५ डॉलर्सचे कूपन देण्याचे कबूल केले. कूपन कशावर वापरायचे? निन्टेंडोच्याच कॅसेटवर! पाचामुखी परमेश्वर असतो खरा, पण पाचही मुखे एकाच दुकानापुढे उभी राहिली तर परमेश्वराऐवजी सावकार भेटण्याची शक्यता अधिक.

त्या सावकारीला उतारा मिळाला तो सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीकडून. सेगाचा 'जेनेसिस' १९८९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आला, आणि १९९१ साली त्यावर निळा सॉनिक धावू लागला. सेगाने यंत्राची किंमत उतरवली आणि सॉनिकचा गेम त्याबरोबरच दिला. निन्टेंडोलाही मग जागे राहावे लागले. त्या काळी इथल्या शाळांच्या मधल्या सुट्टीत 'सेगा की निन्टेंडो' यावरून मुलांची जी भांडणे झाली, ती करणारे आज आपल्या ऑफिसात मॅनेजर आहेत. आपल्या चिरंजीवांचे भांडण काही नवे नाही. पण त्या भांडणात एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली नाही. कोण जिंकले यापेक्षा दोघेही तगून होते, यातच दोन्हीकडच्या खेळणाऱ्यांचा फायदा होता. पहिल्याच्या आकड्याइतकाच दुसऱ्याचा आकडाही महत्त्वाचा असतो.

दुर्दैवाने सेगाला तो टिकवता आला नाही. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने आपला नवा कन्सोल 'सॅटर्न' आजपासूनच ३९९ डॉलर्सना विक्रीला आहे असे जाहीर करून टाकले. खरे तर तो सप्टेंबरात यायचा होता. गेम बनवणारे तयार नव्हते, बहुतेक दुकानांना माल मिळाला नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याच दिवशी सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, आपल्या 'प्लेस्टेशन'ची किंमत २९९ एवढे सांगितले आणि खाली उतरला. पुढे प्लेस्टेशन १० कोटी २४ लाख खपले आणि सॅटर्न ९० लाखांच्या आसपास राहिला.

नंतर सेगाने 'ड्रीमकास्ट' आणला. ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत तो १९९ डॉलर्सना मिळू लागला. यंत्र काळाच्या पुढचे होते. टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या माणसाशी खेळता यावे म्हणून आतच मोडेम होता. पण सॅटर्नचा अनुभव लोक विसरले नव्हते. खेळांच्या गेमसाठी प्रसिद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. आणि डीव्हीडी दाखवणारा दुसरा प्लेस्टेशन येणार अशी दवंडी सोनीने आधीच पिटली होती. लोकांनी थांबायचे ठरवले. लोक थांबले म्हणून खप वाढेना, खप वाढेना म्हणून गेम येईनात. बुडत्याचा पाय खोलात. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवत असल्याचे सांगितले. एकूण खप ९१ लाख ३० हजार. त्यानंतर सेगाने स्वतःचा कन्सोल बनवलाच नाही. सॉनिक आता जुन्या वैऱ्याच्या, निन्टेंडोच्याच अंगणात खेळतो.

मात्र या गोष्टीला शेपूट आहे. ड्रीमकास्टवर 'शेनम्यू' नावाचा एक गेम होता. त्याच्या कथेचे दोन भाग आले आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. पहिल्या भागानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, २०१५ साली, तिसऱ्या भागासाठी लोकांकडून वर्गणी मागितली गेली, तेव्हा ६९ हजारांहून अधिक माणसांनी मिळून ६३ लाख डॉलर्स जमवून दिले, आणि २०१९ साली तिसरा भाग आला. धंद्याच्या हिशेबात ६९ हजार म्हणजे काहीच नाही. पण पदरमोड करणारे ६९ हजार हे वेगळे एकक आहे. मंडळ चालवणाऱ्यांना ते समजावून सांगायला नको.

आता जरा आमच्या स्वतःकडे वळतो. आम्ही वाढलो मिरजेला. आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात व्हिडिओ गेम तासावर खेळायला मिळे. पुढे मे महिन्याच्या सुट्टीत एकदा वडिलांनी घरीच एक यंत्र आणले. त्यावर निन्टेंडोचे नाव नव्हते, कुणाचेच ओळखीचे नाव नव्हते. जपानमधल्या त्या १९८३ च्या यंत्राची ती नक्कल होती. अशा नकला तेव्हा भारतात गावोगाव मिळत. रशियात १९९२ पासून 'डेंडी' नावाने अशीच नक्कल घराघरांत गेली. आमच्या यंत्राबरोबर एक पिवळी कॅसेट होती आणि तिच्यावर लिहिले होते, '९९९९ इन १'. आम्ही भावंडांनी उत्साहाने मोजायला घेतले. बाराव्या गेमपासून पहिलाच गेम निराळ्या नावाने पुन्हा सुरू झाला. उत्साहावर विरजण पडले खरे, पण जाहिरातीतला आकडा तपासून घ्यावा हा विज्ञानाचा पहिला धडा आम्हाला तिथे मिळाला. मारिओ आणि कॉन्ट्रा मात्र खरे होते. लोडशेडिंग सुरू झाले की शेवटच्या टप्प्यावर पोचलेला खेळ अंधारात जाई आणि वीज आली की पहिल्यापासून सुरुवात.

आता सांगा, निन्टेंडोच्या ६ कोटी १९ लाखांत आम्ही आहोत का? नाही. मिरज नाही, सांगली नाही, आमच्या वर्गातला एकही मुलगा नाही. जगाच्या हिशेबात आम्ही कधी खेळलोच नाही! तरी आमचा मारिओ त्या आकड्यातल्या कुठल्याही मुलाच्या मारिओइतकाच उंच उडी मारत होता. तेव्हा आनंद या आकड्यात मावत नाही, एवढे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. ते मूळ यंत्र कोट्यवधींनी खपले नसते, तर त्याची नक्कल करायचे कुणाला सुचले नसते आणि त्यावर इतके गेमही बनले नसते. मोजलेल्यांच्या जिवावर आम्ही न मोजलेले खेळून घेतले. दुसऱ्याच्या लग्नातले जेवण जेवल्यासारखेच ते.

आता पुन्हा चिरंजीवांच्या प्रश्नाकडे. वी यू नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. त्याच्या आधीचा 'वी' १० कोटी १६ लाख खपला होता. नाव इतके सारखे की हा नवा कन्सोल आहे की जुन्याला जोडायचा एखादा भाग, हेच पुष्कळांना कळले नाही. विरजण गारठले. 'रेमन लेजेंड्स' नावाचा गेम फक्त वी यू साठी फेब्रुवारी २०१३ मध्ये यायचा होता. आठवड्यांवर आलेली तारीख यूबीसॉफ्ट कंपनीने पुढे ढकलली आणि तो सहा महिन्यांनी इतर कन्सोलवरही एकदमच आणला. ज्यांनी त्या गेमसाठी वी यू घेतला होता, त्यांना आकडा महत्त्वाचा नाही असे कोण सांगणार? अखेर वी यू चा खप १ कोटी ३५ लाखांवर थांबला. निन्टेंडोने स्वतः त्यासाठी काढलेला शेवटचा नवा गेम ३ मार्च २०१७ चा. त्याच दिवशी नवा कन्सोल 'स्विच' बाजारात आला. पुढे त्याचा खप १५ कोटींच्या पुढे गेला. मार्च २०२३ मध्ये वी यू चे इंटरनेटवरचे दुकान बंद झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणेही.

पण याच यंत्राने इतिहासात एक सुंदर प्रयोग करून ठेवला आहे. प्रयोगशाळेत आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळे तसेच ठेवतो. 'मारिओ कार्ट ८' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ साली वी यू वर आला आणि ८४ लाखांच्या आसपास खपला. २०१७ साली तोच गेम थोडी भर घालून स्विचवर आणला. या वेळी तो ६ कोटींच्या वर गेला. शर्यतीचे रस्ते तेच, गाड्या जवळपास त्याच, वळणावर पडणारे केळ्याचे सालही तेच. बदलले फक्त यंत्र. गेम वाईट होता म्हणून वी यू वर कमी खपला असे म्हणावे, तर तोच गेम स्विचवर इतका चांगला कसा झाला? तेव्हा चिरंजीव, तुमच्या दोस्ताला सांगा, त्याच्याकडे आणि आपल्याकडे एकच शर्यत आहे.

असो. एवढ्या इतिहासातून आम्ही घरापुरते निष्कर्ष काढले, ते इथे मांडतो. कन्सोल विकत घेण्याआधी आई-वडिलांनी आकडा जरूर पाहावा. चांगला खप असेल तर पुढची चार-पाच वर्षे गेम येतील, दुरुस्ती होईल, जुने गेम स्वस्तात मिळतील, आणि मुख्य म्हणजे मित्राकडेही तोच असेल. एकदा घरात आला की मग आकडा विसरावा. यंत्र बनवणाऱ्यांना, गेम बनवणाऱ्यांना, दुकानदारांना तो रोज पाहावा लागतो, ते त्यांचे पोट आहे. मायक्रोसॉफ्टने तर २०१५ पासून आपल्या कन्सोलच्या खपाचा आकडा सांगणेच सोडले. तरी त्यावर खेळणाऱ्यांच्या खेळात तसूभर फरक पडला नाही. आणि तिसरे, आकड्याला आपली अब्रू बांधू नये. जगात सर्वाधिक खपलेला कन्सोल म्हणजे दुसरा प्लेस्टेशन, सुमारे १६ कोटी. त्यालाही नवे गेम येणे कधीच थांबले आहे. मोठा आकडा आयुष्य वाढवतो, अमर करत नाही.

थोडक्यात, खपाचा आकडा पुढच्या गेमविषयी सांगतो. हातातल्या गेमविषयी तो काही सांगत नाही. दिवाळीत आम्ही चिरंजीवांना दिलेले उत्तर म्हणूनच अर्धेच बरोबर होते, आणि त्याने विचारलेला प्रश्न पूर्ण बरोबर होता.

हे लिहिताना सौ.ने विचारले, "आणि तुमच्या वार्तापत्राचं काय?" प्रश्न झोंबणारा आहे. १४० हा आकडा दोन वर्षांपूर्वी १८० होता. तुम्ही हा अंक सोफ्यावर बसून वाचत असाल, तर १४० असोत की १८०, तुमच्या वाचण्यात काही उणे नाही. पण पुढच्या अंकासाठी लिहिणारे, टाइप करणारे, स्टेपल मारणारे हात गोळा करताना मात्र तोच आकडा समोर येतो. मुले मोठी होऊन दूर जातात, कुणी भारतात परततात, कुणाला आता मराठी वाचायला वेळ लागतो. लहान आकड्याच्या यंत्रावर खेळणे म्हणजे काय हे आपल्या मंडळाला वेगळे शिकवायला नको. वर्गणी भरायची राहिली असेल तर कृपया पाठवा. त्याहीपेक्षा, वाचून झालेला अंक शेजारच्या मराठी घरात द्या. तो आकड्यात येणार नाही, तरी चालेल.

शेवटी एक विनंती. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुलांसाठी कोपऱ्यातल्या टीव्हीवर आम्ही आमचा वी यू जोडणार आहोत. इंटरनेटवरून खेळणे बंद झाले असले, तरी एका सोफ्यावर चौघांनी शेजारी बसून खेळणे कुणी बंद केलेले नाही. स्विचवाल्या दोस्तालाही खास आमंत्रण आहे. अडचण एकच, आमच्याकडे दोनच रिमोट आहेत. मात्र वी यू ला जुन्या 'वी'चे रिमोट चालतात, आणि ते यंत्र १० कोटींच्या वर खपलेले आहे. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये, लोणच्याच्या बरण्यांमागे, एखादा पांढरा रिमोट नक्की पडलेला असणार. येताना तेवढा घेऊन यावा. बॅटऱ्या आम्ही आणू.